वाढत्या अंगाचं

जून जवळ आला की आईच्या तोंडी एक शब्द यायचा, ‘वाढत्या अंगाचं’. सदरा वाढत्या अंगाचा. बूट वाढत्या पायाचे, म्हणजे पुढे कापसाचा बोळा. रेनकोट तर असा, की त्यात मी, माझं दप्तर आणि वेळ पडली तर धाकटी बहीणही मावली असती. अख्खं बालपण मी पुढच्या वर्षीच्या मापात काढलं.

१९८९ साली मी आठवीत गेलो. आमच्या शाळेत सातवीपर्यंत हाफ पँट आणि आठवीपासून फुल पँट, असा नियम होता. बाकी आठवीचं नवल फारसं नव्हतं. संस्कृत शंभर मार्कांचं घ्यायचं की हिंदीबरोबर पन्नास-पन्नास, यावर चाळीतल्या ज्यांना दोन्ही येत नव्हतं त्यांनी भरपूर सल्ले दिले. आईने शंभरला होकार भरला, कारण ‘स्कोरिंग’ असतं. (मला झालेलं नाही.) पण फुल पँट ही गोष्टच वेगळी. १ मेला झेंडावंदन झालं, निकाल हातात पडला, आणि संध्याकाळी आम्ही लालबागहून चालत हिंदमाताला टेरिकॉटचं कापड घ्यायला निघालो.

शिंपी, म्हणजे मास्तर, चाळीच्या तळमजल्यावर बसायचे. त्यांनी माप घेतलं. आई म्हणाली, “वाढत्या अंगाची शिवा हो.” मास्तर टेप गळ्यात टाकत म्हणाले, “वहिनी, खाली तीन इंच आत दुमडून ठेवतो. दहावीपर्यंत बघायला नको.” मला तेव्हा ते तीन इंच म्हणजे बँकेतली ठेव वाटली होती.

मग गाव. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरसुद्धा धड नव्हती, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. परळहून रात्रीची एसटी पकडायची, घाटात एकदा ओकायचं आणि सकाळी कणकवलीला उतरायचं. महिनाभर आंबे, फणस, विहीर. आजी रोज संध्याकाळी मला दाराच्या चौकटीशी उभा करायची आणि म्हणायची, “उंच झालंस रे!” आजीची नजर अधू होती, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

परतीचं आरक्षण मिळेपर्यंत शाळा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. त्यात नवल काहीच नव्हतं. लालबाग-परळच्या शाळांत पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग रिकामाच असायचा आणि हजेरीला ‘गावाहून आला नाही सर’ असं कोणीतरी ओरडायचं. तिसऱ्या दिवशी मी फुल पँट घालून, पट्ट्याला दोन जादा भोकं पाडून शाळेत गेलो, तेव्हा पी.टी.चे सर मैदानावर नव्या वर्षाची रांग लावत होते.

उंचीप्रमाणे. प्रगतिपुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते या रांगेत कळायचं. सुट्टीत कोणाचं काय झालं, ते सर दोन मिनिटांत खांदे धरून मागेपुढे ढकलत जाहीर करायचे. सातवीत मी पुढून चौथा होतो. मनात हिशेब सातव्या-आठव्याचा. पण एप्रिलमध्ये माझ्या खांद्याला लागणारी मुलं जूनमध्ये माझ्या डोक्यावरून बघत होती, आणि त्यांतल्या एकाचा आवाज तर असा फुटला होता की त्याने ‘हजर’ म्हटल्यावर सरांनी मागे वळून पाहिलं. सरांनी मला उचललं आणि पुढे नेऊन ठेवलं. पुढून दुसरा. मी होतो तेवढाच होतो. बाकीचे निघून गेले होते.

त्यात मुंबईचा पाऊस. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईत तो तेव्हा १० जूनला यायचा, आता ११ला येतो. शाळाही त्याच सुमाराला उघडते. म्हणजे उघड्या पायांनी चिखल तुडवायच्या दिवसांत मुलाला आयुष्यातली पहिली फुल पँट द्यायची, ही शहाणपणाची कल्पना कोणाची, देव जाणे. ज्या हिंदमाताला कापड घेतलं तिथेच पाणी तुंबलं की आम्ही सगळे नवे आठवीवाले पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून निघायचो. महिनाभर वाट पाहून मिळालेली फुल पँट आठवडाभरात पुन्हा हाफ!

ती तीन इंचांची ठेव आईने मोडली ती थेट नववीनंतरच्या सुट्टीत, जेव्हा मी एकदाचा वाढलो. शिवण उसवली, तर आतलं कापड नव्यासारखं गडद निळं आणि वरची पँट धुऊन धुऊन राखाडी. मध्ये जुन्या घडीची पांढरट रेघ. कितीही इस्त्री फिरवली तरी ती जाईना. दहावीचं वर्ष मी त्या रेघेसकट काढलं. वर्गातल्या बऱ्याच पँटींना तशा रेघा होत्या, त्यामुळे कोणी कोणाला हसलं नाही.

२०२५ साली मुलगा आठवीत गेला. पाऊस २६ मेलाच येऊन बसला होता, रेनकोट घ्यायच्याही आधी. गणवेश आता तयार मिळतो, मास्तर नाहीत. दुकानात मी सवयीने म्हणालो, “एक नंबर मोठी द्या, वाढत्या अंगाची.” चिरंजीव तिथल्या तिथे कडाडले, “बाबा, फिटिंगची हवी. झोळी नको.” दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि फिटिंगची दिली. मी गुपचूप खालची किनार उलटून पाहिली. आत जेमतेम अर्धा इंच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो चिंब. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात.

“रांग लावली का रे?”

“लावली. तिसरा.”

“पुढून?”

“मागून,” तो म्हणाला आणि वाकून पँटीच्या घड्या सोडायला लागला. त्यातून बचकभर चिखल फरशीवर पडला. “आत्ता पुसली होती मी!” स्वयंपाकघरातून ओरडा आला. फडकं आणायला मी उठलो.