वरणाचा कुकर आणि धरमकाटा

जुनी गाडी तपासायची म्हटलं की लोक आधी बोनेट उघडायला लावतात. त्या दिवशी सुरुवात कुकरपासून झाली.

नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडवर माझं गॅरेज आहे. मे महिना, सकाळी साडेदहालाच डांबर मऊ पडलेलं. त्रिमूर्तीनगरचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या मिसेस मला आठव्या मैलाजवळ एका एजंटच्या प्लॉटवर घेऊन गेले. दोघांना कॅम्पर व्हॅन घ्यायची होती. आयुष्यातली पहिलीच. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, सिंक, कोपऱ्यात इवलासा संडास. निळे पडदेसुद्धा. सर म्हणाले, "भाऊ, तुम्ही फक्त इंजिन पाहून घ्या. बाकी आम्हाले पसंत आहे."

"आम्हाले म्हंजे कोणाले?" काकूंनी पिशवीतून कुकर काढला. डाळ, पाणी, हळद घरूनच घालून आणलेली. "जिथं राहाचं तिथं शिजवून पाहाले नको?"

शेगडी पेटली आणि ओट्याशी सरळ उभं राहताना वरच्या कपाटाचा कोपरा काकूंच्या कपाळाला लागला. मग त्या पलंगावर आडव्या झाल्या, शेजारी सरांनाही झोपायला लावलं. सरांचे पाय बाहेर. संडासात बसून पाहिलं तर गुडघे दाराला अडायचे. मी मनात म्हटलं, आपली फी यांनाच द्यायला पाहिजे.

एजंटचं पालुपद चालूच होतं, "एसी रातभर चालते जी." बॅटरी एकच होती, १५० अँपिअर-अवरची, साधी लेड-ॲसिड. बारा व्होल्टने गुणलं तर १८०० वॉट-अवर. अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती ९००. एसी हजार वॉट ओढत असला तर तास भरायच्या आत खेळ खलास. नागपूरच्या मे महिन्यात आणि "रातभर"!

पहिली शिट्टी झाली तेव्हा मी पलंगाखाली वाकलो होतो. सिलिंडर तिथेच, बंद पेटीत, आणि तळाला एक भोकही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून हवा जायची वाट तळाशीच ठेवावी लागते. इथे तर रबरी नळीला चिकटून वायरचा उघडा जोड. मी काही न बोलता आधी रेग्युलेटर बंद केला.

उठताना चटईचा कोपरा वर आला. खालच्या पत्र्यात बोल्टची भोकं, एका रेषेत, आणि समांतर कापून टाकलेल्या पट्ट्यांच्या खुणा. अशा पट्ट्यांवरून स्ट्रेचर आत सरकतं. ॲम्ब्युलन्सची कामं मी केलेली आहेत. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली तर एजंट म्हणे घरी आहे. मग एम-परिवहन ह्या सरकारी ॲपवर नंबर टाकला. वाहनाचा वर्ग: ॲम्ब्युलन्स.

मोटार वाहन कायदा १९८८चा, त्याचं कलम ५२. परवानगीशिवाय गाडीचं मूळ रूप बदलता येत नाही आणि बदल आरसीवर चढवावा लागतो. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीत वेगळा प्रकारच आहे. या गाडीची तशी नोंद कुठेच नव्हती.

काकू म्हणाल्या, "म्हंजे घर आमचं अन् कागद दवाखान्याचे?"

सरांचा जीव मात्र अडकलेला. वर्षभर ते रामटेक, खिंडसी, पेंच असं वहीत लिहून ठेवत होते. "कागद करून घेऊ ना," ते हळूच म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मी गाडी धरमकाट्यावर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, घ्यायला लावली. एजंट कुरकुरला, "अजी, वजन कोन पाहते?"

"टायर पाहते," मी म्हटलं.

काट्यावर आम्ही सगळे खाली उतरलो. पाण्याची टाकी रिकामी. चिठ्ठी निघाली ती चेसिसच्या पाटीवरच्या कमाल वजनापेक्षा फक्त १६० किलोंनी कमी. टाकी १२० लिटरची, म्हणजे १२० किलो तिथेच गेले. उरलेल्या चाळीसात सर, काकू, भांडी, गाद्या, कपडे. टायरची नक्षी तशी बरी होती, पण बाजूवरचा आकडा १८१९, म्हणजे टायर २०१९च्या अठराव्या आठवड्यात बनलेले. असे टायर, असं वजन आणि भर उन्हात समृद्धी महामार्गाचं ७०१ किलोमीटर काँक्रीट.

सरांनी काट्याची चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून वहीत ठेवली. "आधी एखादी भाड्यानं घ्या, तीन रात्री राहून पाहा," मी सुचवलं. "मग कोरी गाडी घेऊन रीतसर बांधून घ्या."

"पलंग सहा फुटी," काकू म्हणाल्या. "अन् ओट्याच्या वर कपाट नको."

एजंट गाडी घेऊन निघून गेला. डाळ अर्धीकच्चीच होती. काकूंनी गॅरेजच्या चहाच्या शेगडीवर कुकर चढवला, पोऱ्याला भात आणायला धाडलं, आणि आम्ही चौघं स्पेअर पार्टच्या खोक्यांवर बसून जेवलो. मीठ काकू विसरल्या होत्या.