अॅव्हरेज झकास, आणि पान काय उघडंना

परवा रात्रभर पाऊस, टिळकवाडीत दोनदा लाईट गेली, पण आमच्या साईटची लोड टेस्ट (एकदम भरपूर लोक आले तर साईट टिकती का ते बघणं) बंगळूरच्या सर्व्हरवरनं चालू होती म्हणून वाचलो. सकाळी बघतोय तर जेमीटरच्या (टेस्ट लावायचं टूल) दोन जेटीएल फाईली तयार, एकेका रिक्वेस्टची एकेक ओळ, दोन मशीनवरनं लोड टाकला होता ना. मी शहाणा, मोठी फाईल सरळ एक्सेलमध्ये उघडली. लॅपटॉपचा फॅन असा ओरडायला लागला की आई आतनं विचारती, मिक्सर कुणी लावला रे. शेवटी उघडली, पण एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ च ओळी बसतात, पुढच्या सगळ्या गायब, म्हणजे टेस्टचा शेवटचा भाग, जिथं लोड सगळ्यात जास्त होता तोच दिसंना.

मग ऑक, म्हणजे मोठी फाईल ओळीओळीनं वाचायचं कमांड लाईनचं टूल. दुसरा कॉलम इलॅप्स्ड, म्हणजे रिक्वेस्ट पाठवल्यापासनं उत्तराचा शेवटचा बाइट येईपर्यंतचे मिलिसेकंद. त्याची सरासरी काढली तर दीड-पावणेदोन सेकंद, टार्गेट दोनचं. टीम लीड कॉलवर खूश, झालं की मग, रिपोर्ट पाठवून टाक म्हणाला. पण आमच्या टीममधला निपाणीचा दोस्त गप बसंना. "रात्री मी हातानं साईट उघडून बघितलो गा, पानच येईना, आणि तू पास म्हणायलास?"

खरं म्हणजे तिथंच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. फाईलीत सक्सेस नावाचा एक कॉलम असतोय, तो मी बघितलाच नव्हता. ऑकनं बघायला गेलो तर तिथं भलतंच काहीतरी, कारण एरर मेसेजमध्येच कॉमा असतात आणि नुसतं कॉमावर तोडलं की पुढचे कॉलम सरकतात (दुसरा कॉलम त्याच्या आधी येतोय म्हणून तेवढा नीट निघाला). म्हणून पायथनमधलं पांडाज घेतलं, ते असले कॉमा नीट सांभाळतंय, दोन्ही फाईली एकत्र केल्या. दोन मशीनचे पर्सेंटाइल (९५ वा म्हणजे शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात तो आकडा) वेगवेगळे काढून त्यांची सरासरी मारणारे लोक मी बघितलेत, तसं कधी करू नका, कच्च्या ओळी एकत्र करूनच काढायचं.

आणि मग दिसलं. भरपूर रिक्वेस्टना ५०३, म्हणजे 'आत्ता सेवा मिळणार नाही' हा एरर, तेही आठ-दहा मिलिसेकंदात. खानापूरची बस भरलीय म्हणून स्टॉपवर न थांबता निघून गेली तर तिचा टाइम भारीच येणार की, आपण पावसात उभे ते कोण मोजतंय. समजा १०० पैकी ८० ना २ सेकंद लागले आणि २० जण १० मिलिसेकंदात हाकलले गेले, तर सरासरी १.६ सेकंद येती. म्हणजे जितके जास्त फेल तितका रिपोर्ट चांगला, आहे की नाही गंमत! फेल बाजूला काढून नुसत्या पास झालेल्यांचा ९५ वा पर्सेंटाइल बघितला तर सहा सेकंदाच्या वर.

आता हे का झालं? टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७० पासनं मोजलेले मिलिसेकंद, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. ते तसंच सर्व्हरच्या लॉगशी लावत बसलो, लॉग आपल्या टायमात, तासभर काही जुळंना, मग साडेपाच तास मिळवायचे राहिलेत हे कळलं (हे माझं दर वेळचं आहे). मिनिटामिनिटाला फेल मोजले तर सगळे शेवटच्या टप्प्यात गोळा, आणि त्याच मिनिटापासनं लॉगमध्ये डेटाबेसचं कनेक्शन मिळत नाही म्हणून रडारड. पूल, म्हणजे एका वेळी वापरायला मिळणारी डेटाबेसची कनेक्शनं, डिफॉल्ट १० वरच राहिला होता, कुणी हातच लावला नव्हता. सगळे कनेक्शनसाठी रांगेत, सर्व्हर जिवंत आहे का विचारणारा हेल्थ चेकसुद्धा त्याच रांगेत, पुढं उभा राहून रिक्वेस्ट वाटणाऱ्या लोड बॅलन्सरला वाटलं सर्व्हर मेला, आणि तो दारातनंच ५०३ देऊन लोकांना परत पाठवायला लागला.

लीडला दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून पाठवलो, फेलचा टक्का सगळ्यात वर. अजून उत्तर नाही. पूल वाढवून आज रात्री परत टेस्ट लावायलोय, आणि निपाणीकर हातानं साईट उघडून बघत बसणार आहे.