मूरिंगची क्रूझ ठरवताना

भारताच्या पश्चिम किनाऱ्याला समांतर एक प्रवाह वाहतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे जातो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे येतो. दर वर्षी तो सारख्याच जोराने किंवा ठरल्या तारखेला उलटत नाही, म्हणून सतत मोजावा लागतो. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था मुंबई, गोवा, कोल्लम, कन्याकुमारी आणि पुढे ओखा, जयगड, उडुपी यांच्यासमोर, खंडीय उतारावर (किनाऱ्यालगतचा उथळ तळ संपून समुद्र खोल होतो तिथे) साधारण १००० मीटर पाण्यात मूरिंग, म्हणजे तळाला नांगरलेला यंत्रांचा उभा दोर, लावून हे काम करते. तळाला नांगराचं वजन, त्यावर दोन अकूस्टिक रिलीज (जहाजावरून आवाजाचा इशारा दिला की नांगर सोडणारे हुक), मग दोर, आणि सुमारे १५० मीटर खोलीवर फोमच्या फ्लोटमध्ये वर तोंड करून बसवलेलं एडीसीपी, म्हणजे आवाजाने प्रवाह मोजणारं यंत्र. पाण्यातल्या बारीक कणांवरून परतणाऱ्या आवाजातून ते प्रवाहाचा वेग काढतं. पृष्ठभागावर यातलं काहीच दिसत नाही. साधारण वर्षाने जहाज जातं, जुनं काढतं आणि नवं लावतं.

या क्रूझचं, म्हणजे जहाजाच्या या फेरीचं, नियोजन बॅटरीपासून सुरू करावं. जहाज कधी मिळेल ते नंतर. एडीसीपीचं सेटिंग करतानाच १२ महिन्यांची गरज धरून १५-१६ महिने पुरेल इतकी बॅटरी आणि मेमरी ठेवली, तर जहाज दोन महिने लांबलं तरी नोंद तुटत नाही. काटेकोर १२ महिन्यांचं सेटिंग केलं की ड्रायडॉक (गोदीतली जहाजाची दुरुस्ती) लांबणं, एखादं वादळ, मंजुरीला उशीर, यातलं काहीही थेट नोंदीवर येऊन आदळतं. आणि ऋतूंच्या अभ्यासात दोन महिन्यांची फट फार महाग पडते, कारण ती नेमकी प्रवाह उलटण्याच्या काळातच पडू शकते.

जून ते सप्टेंबर मागच्या डेकवर उभं राहून जड वस्तू उचलणं शक्य नसतं. मधला ऑक्टोबर उलटल्यापासून मार्चपर्यंतचा काळ कामाचा. पण त्यातही अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम येतो: २०१७च्या नोव्हेंबरअखेरचं ओखी आणि २०१९च्या ऑक्टोबरमधलं क्यार आठवा. म्हणून दर पाच दिवसांमागे एक दिवस राखीव धरावा आणि मागणीपत्रात तो उघडपणे लिहावा. तो छाटला जाणार असेल तर एक मूरिंग कमी करावं. दिवस छाटू देऊ नये.

दिवसांचा हिशेब सोपा आहे. १० नॉटने २४ तासांत २४० सागरी मैल होतात. दोन जागांमध्ये २०० मैल असतील तर २० तास नुसते प्रवासाचे. एका जागेवर काढणं आणि लावणं मिळून एक पूर्ण दिवस, उजेडातला. रात्री प्रवास, दिवसा काम, असं वेळापत्रक बसलं तरच क्रूझ नीट चालते. म्हणून पहाटे जागेवर पोहोचण्यासाठी कुठून किती वाजता निघायचं, हे आधी उलट मोजावं. दक्षिणेला कोचीच्या आसपास खंडीय मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, अरुंद आहे, मुंबईसमोर तो २०० किलोमीटरहून रुंद होतो, त्यामुळे मुरगावहून मुंबईच्या मूरिंगला जाणं नकाशावर वाटतं त्यापेक्षा लांब पडतं. वाटेत मुंबई हायचे प्लॅटफॉर्म आहेत आणि प्रत्येकाभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र. सेकंड ऑफिसरबरोबर बसून मार्ग आखताना हे धरावं.

एकाच संचावर दोन वर्षं भागवायचा मोह टाळा, हा माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. काढलेलं एडीसीपी डेकवर धुऊन, बॅटरी बदलून, संध्याकाळी परत सोडणं कागदावर जमतं. प्रत्यक्षात हलत्या जहाजावर, खाऱ्या हातांनी ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) बसते. तिच्यावर एक केस राहिला तरी १५० मीटरवर पाणी आत शिरतं. शिवाय बॅटरी बदलली की कंपास पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, आणि जहाजाच्या पोलादाजवळ ते नीट होतच नाही. तो चुकला तर वेग बरोबर येतो पण दिशा फिरते, आणि डेटा पाहून हे लगेच लक्षातही येत नाही. किनाऱ्यावर, लोखंडापासून दूर मोकळ्या जागेत कॅलिब्रेट केलेलं दुसरं यंत्र तयार हवंच.

नांगराचं गणित हवेतल्या वजनावर करू नये. पोलाद पाण्यात सुमारे १३ टक्के हलकं होतं, काँक्रीट ४० टक्क्यांहून जास्त. समजा सगळ्या फ्लोटांची वर ओढण्याची निव्वळ ताकद ४०० किलो आहे आणि दुप्पट भार धरायचा आहे. पाण्यातलं वजन ८०० किलो हवं, म्हणजे पोलाद सुमारे ९२० किलो, काँक्रीट मात्र सुमारे १४०० किलो. ए-फ्रेम (मागच्या डेकवरची उचलण्याची चौकट) आणि क्रेन तेवढं पेलते का, हे बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाला, आधी विचारा. जगभर यासाठी रेल्वेची जुनी चाकं वापरतात, त्याचं कारण हेच.

रिलीजच्या वर लगेच काचेचे गोळे हवेत. १७ इंची गोळा साधारण २५ किलो उचलतो, आठ गोळे २०० किलो. वरचा फ्लोट ट्रॉलरने तोडून नेला, तरी हे गोळे खालचा भाग वर आणतात. रिलीज दोन, समांतर जोडलेले, म्हणजे एक उघडला तरी पुरे. प्रत्येकाचा कोड वेगळा. तो डेक युनिटवर (रिलीजशी बोलणारं जहाजावरचं यंत्र), लॉगशीटवर आणि चीफ सायंटिस्टच्या वहीत, तिन्हीकडे असावा. लावण्याआधी नवे रिलीज सीटीडीच्या रोझेटला (खारटपणा, तापमान आणि खोली मोजायला वायरवरून खाली सोडतात ती चौकट) बांधून ५००-१००० मीटर खाली नेऊन तपासा. टेबलावर उत्तर देणारा रिलीज दाबाखाली आणि थंड पाण्यात गप्प बसू शकतो.

शॅकल (दोर आणि साखळ्या जोडणारी पिनेची कडी) स्वस्त वस्तू आहे आणि मूरिंग बहुधा तिथेच तुटतं. गॅल्व्हनाइज्ड शॅकलला स्टेनलेसचा मोठा भाग थेट जोडला की जस्त आधी जातं, मग लोखंड. मध्ये प्लास्टिकचं बुश घाला आणि रिलीजवरचा झिंक अॅनोड दर वेळी नवा लावा. ३१६ स्टेनलेस दिसायला चकचकीत राहतं आणि फटीत आतून पोखरलं जातं, म्हणून वर्षभर राहिलेला नटबोल्ट पुन्हा वापरू नये. प्रत्येक शॅकलच्या पिनला कॉटर पिन हवीच. प्रत्येक आकाराचे शॅकल गरजेच्या दीडपट न्या.

उतारावर जागा चुकणं म्हणजे खोली चुकणं. तळाचा उतार २० मीटरला १ मीटर असेल, तर ५०० मीटर सरकल्यावर खोली २५ मीटरने बदलते आणि तेवढंच एडीसीपी वर किंवा खाली येतं. एडीसीपीच्या आवाजाच्या २० अंश कललेल्या झोतांमुळे (बीम) वरचे साधारण ६ टक्के अंतर वापरता येत नाही: १५० मीटरवरून वरचे ९ मीटर गेलेच. यंत्र खाली बसलं की ही हानी थोडी वाढते आणि बीम वरपर्यंत पोहोचण्याची खात्री कमी होते. वर आलं की फ्लोट मासेमारीच्या टप्प्यात जातो. म्हणून सोडण्याआधी मल्टीबीमने (तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारं ध्वनियंत्र) आसपासचा तळ पाहा आणि दोर ताणाखाली मोजून घ्या. नायलॉन असेल तर तो किती ताणला जाईल, तेही धरा.

काढण्याच्या दिवशी आधी १२ किलोहर्ट्‌झचा इकोसाउंडर (आवाजाने खोली मोजणारं जहाजाचं यंत्र) बंद करायला सांगा, त्याची वारंवारता रिलीजच्या पट्ट्यातच येते. प्रॉपेलर थांबवून डेक युनिटचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) पाण्यात सोडा आणि रिलीजला अंतर विचारा. जहाज ४००-५०० मीटर लांब ठेवा, वारा ते मूरिंगवर ढकलणार नाही अशा बाजूला. उघडण्याची आज्ञा दिल्यावर वरचा फ्लोट दोन-तीन मिनिटांत दिसतो, तळचे गोळे दहा-बारा मिनिटांनी. दोन्ही दिसेपर्यंत जवळ जाऊ नये, मधला दोर पाण्यावर पसरतो आणि प्रॉपेलरमध्ये जाऊ शकतो. आत पाणी शिरलेला गोळा किंवा यंत्र दाबाने भरलेलं असू शकतं. त्याचे बोल्ट तोंड बाजूला ठेवून, थोडे थोडे सैल करा. एडीसीपी बंद करण्याआधी त्याचं घड्याळ यूटीसीशी ताडून फरक लिहा. डेटाच्या दोन प्रती जहाजावरच वेगवेगळ्या डिस्कवर करा.

लावताना फ्लोट आधी, नांगर शेवटी. दोन सागरी मैलांवरून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून १ ते १.५ नॉटने या. दोर लवकर संपला तर मूरिंग मागे ओढत नेता येतं. दोर संपण्याआधी जागा मागे पडली तर सगळं पुन्हा. नांगर पडताना फ्लोटकडे मागे सरकतो, खोलीच्या ५ ते १० टक्के, म्हणून ठरलेल्या बिंदूच्या ५०-१०० मीटर पुढे जाऊन सोडावा. मग सुमारे १००० मीटरवरच्या तीन दिशांनी अंतर घेऊन खरी जागा काढा. पुढच्या वर्षी हीच जागा लागेल, जहाजाच्या जीपीएसची नाही.

रिलीज 'उघडलो' म्हणतो आणि अंतर बदलत नाही, असंही होतं: हुकावर गंज, किंवा चिखलात रुतलेला भाग. दुसरा रिलीज उघडा, तासभर थांबा, पुन्हा विचारा. तरी हलत नसेल तर भोवती खोलीच्या अडीच-तीन पट वायर सोडून गळांनी दोर ओढून पाहावा लागतो. यात अख्खा दिवस जातो आणि यंत्र मोडू शकतं. राखीव दिवस याच्यासाठीही आहे.

मूरिंगचं सर्वांत जास्त नुकसान जाळ्यांमुळे होतं, आणि यात मच्छीमारांना दोष देऊन काही साधत नाही. पाण्याखाली काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. जागा देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाला कळवाव्यात, पण तिथली सूचना प्रत्येक तांडेलापर्यंत पोहोचेलच असं नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी बंदरात असतात. त्या काळात जयगड, रत्नागिरी, मालपे इथल्या सोसायट्यांत जाऊन अक्षांश-रेखांश द्या, तांडेलांच्या जीपीएसमध्ये टाकून द्या. फ्लोटवर संस्थेचा फोन आणि 'हे यंत्र सापडल्यास कळवा' हे मराठी, कोंकणी, कन्नड, मल्याळम आणि गुजरातीत रंगवा. रंग वर्षभर टिकणारा घ्या, स्टिकर नको. तुटून वर आल्यावर जागा होणारा सॅटेलाइट बीकनही वरच्या फ्लोटवर हवा, कारण यंत्र आलं नाही तरी निदान कुठे गेलं ते कळतं आणि जवळच्या बंदरातल्या माणसाला फोन करता येतो.