सिंगालीलाच्या वाटेवर, एप्रिलमध्ये

दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात गाइडशिवाय चालू देत नाहीत, हे कळल्यावर आमच्या गटातल्या निम्म्यांनी नाक मुरडलं. अलंग-मदन-कुलंग हे सह्याद्रीतले अवघड किल्ले केलेली मंडळी ही. मोबाइलवर ट्रॅक असताना वाट दाखवायला माणूस कशाला, असा एकूण सूर. आता मला कुणी विचारलं तर मी सांगते, पैसे वाचवायचे तर विमानाच्या तिकिटात वाचवा, गाइडमध्ये नको.

आधी कागदपत्रांचं. न्यू जलपाईगुडीहून शेअर जीपनं मिरिक, सुखियापोखरी करत मानेभंजांगला पोचायचं. दार्जिलिंगहून हे गाव साधारण २६ किलोमीटर. तिथल्या गाइड संघटनेच्या कार्यालयात नावं, ओळखपत्रं आणि मार्ग नोंदवला की गाइड मिळतो. दर ठरलेले असतात, घासाघीस करू नये. मग वनखात्याचं प्रवेशतिकीट. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रतीतच जवळ ठेवा, कारण वाट भारत-नेपाळ सीमेला धरून जाते. आमचा पहिला मुक्काम तुमलिंगचा, म्हणजे चक्क नेपाळात. पुढे गैरीबासला सशस्त्र सीमा बलाचे जवान पुन्हा वही उघडतात. १६ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असतं, तेव्हा त्या बेतानं ठरवा.

आमचे गाइड पन्नाशीचे, अंगानं बारीक. त्यांना सगळे ‘दाजू’, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. मला ते ‘दीदी’ म्हणायचे. चित्रे या वस्तीच्या चढावर आमची पोरं नेहमीच्या सवयीनं सुसाट सुटली, तेव्हा दाजू मागून शांतपणे ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत राहिले. सावकाश चला. सह्याद्रीत आम्ही ऊन तापायच्या आत माथा गाठायला धावतो, तेच पायांत भिनलेलं. इथे धावून गाठायचं काही नव्हतं. दुपारी ढग येणार होतेच, आणि बघायचं ते सगळं वाटेवर होतं.

पानं फुटायच्या आधी फुलणारा मॅग्नोलिया मी प्रथम मेघमाच्या अलीकडे पाहिला. निष्पर्ण झाडावर थाळीएवढी पांढरी फुलं, धुक्यातून एकानं विचारलंही, “बगळे बसलेत का?” याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया कॅम्बेलाय, दार्जिलिंगचा तेव्हाचा ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल याच्यावरून. नाव दिलं ते वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर आणि थॉमसन यांनी. जोसेफ हूकर १८४८ च्या मे महिन्यात याच डोंगररांगेत टोंगलूला येऊन गेला होता. त्याची वाट आणि आमची वाट थोडी तरी एक असेल, या विचारानं मला उगाचच बरं वाटलं.

गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, एकाच वेळी सगळीकडे फुलत नाही. बहर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. तुमलिंग-गैरीबासच्या टप्प्यात लाल गुरांस भरात होता, काही ठिकाणी वाटेवर पाकळ्यांचा सडा. कालीपोखरीच्या वर कळ्या अजून घट्ट मिटलेल्या, अधूनमधून एखादं गुलाबी-पांढरं झाड पुढे धावलेलं. दाजू पान उलटं करून दाखवायचे: कुणाच्या पाठीला तपकिरी लव, कुणाच्या चंदेरी. फूल नसतानाही झाड ओळखायची ही युक्ती. ओकच्या फांद्यांवरून फिकट हिरव्या दाढ्या लोंबत होत्या, त्या शैवाकाच्या, म्हणजे लायकेनच्या. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल यांच्याच जातकुळीतलं, हे मी सांगितल्यावर दाजूंना मसाल्याची कृती हवी झाली.

आता रेड पांडा. नाशिकच्या एका आयोजकाच्या पत्रकात त्याचा फोटो असा छापला होता, की तो स्वागतालाच उभा असेल. प्रत्यक्षात हा लाजरा प्राणी दिवसाचा बराच वेळ उंच झाडावर झोपून काढतो आणि मुख्यतः बांबूची पानं खातो. गैरीबास ते कैयाकाटा हा बांबूचा पट्टा, म्हणून तिथे दाजूंनी आम्हाला बोलायचं बंद केलं. पांडा दिसला नाही. शेवाळलेल्या आडव्या फांदीवर त्याच्या लेंड्या दिसल्या, हिरवट, बांबूच्या तंतूंनी भरलेल्या. तो त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा येतो म्हणे. विष्ठा बघण्यासाठी आठ जणांनी माना वर करून रांग लावली, हे घरी सांगितल्यावर माझी सासू अजून हसते आहे. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या दोन माद्या २००३ मध्ये याच जंगलात सोडल्या होत्या. पांडा बघायचाच असेल तर वेगळा ट्रॅकर घेऊन एकाच जागी काही दिवस राहावं लागतं. चालत्या गटाला तो भेटणं निव्वळ नशीब.

कालीपोखरी ३१८६ मीटरवर, संदकफू ३६३६ मीटरवर, पश्चिम बंगालचं सर्वोच्च ठिकाण. हा चढ सगळ्यांत दमवणारा. आमच्यातल्या एकाचं डोकं उंचीमुळे दुखू लागलं. दाजूंनी त्याला दुपारी झोपू दिलं नाही, गरम पाणी पाजत राहिले आणि सरळ सांगितलं, “संध्याकाळपर्यंत उतरलं नाही, उलटी झाली, तर जीपनं खाली.” वादाला जागाच नव्हती. सूप आणि पाण्यावर तो सावरला, पण जीपवाल्याला दाजूंनी सांगून ठेवलं होतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मोबाइलवरचा ट्रॅक हे करत नाही.

जीप संदकफूपर्यंत येते, हे मात्र मला खटकलं. १९५० च्या दशकातल्या जुन्या लँड रोव्हर अजून या चढावर धडधडत जातात, त्यांचं कौतुक आहेच. पण काँक्रीटच्या रस्त्यावर चालताना मागून हॉर्न ऐकणं म्हणजे ट्रेक नव्हे. दाजू जिथे शक्य तिथे जुन्या पायवाटेनं नेत. संदकफूच्या पुढे, फालूटकडे, गाड्या विरळ होतात. मोकळी कुरणं, फरची वाळलेली उंच खोडं, सतत वारा. तो २१ किलोमीटरचा टप्पा मला सगळ्यांत आवडला.

शिखरांचं म्हणाल तर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा ही चारही संदकफूवरून दिसतात, पण स्वच्छ आकाशाची खात्री ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जास्त. आम्हाला पहाटे कांचनजंगा दिसला, एव्हरेस्ट ढगातच राहिला. त्याच दुपारी गारा पडल्या. एप्रिलमध्ये जाणाऱ्यानं हा सौदा आधीच मान्य करून निघावं: फुलं हवीत तर ढग घ्या.

फालूटहून गोरखेपर्यंतच्या लांब उतारावर गुडघ्यांचा कस लागतो, काठी न्याच. गोरखेला ओढ्याकाठी संध्याकाळी तोंग्बा मिळाला. लाकडी भांड्यात आंबवलेले कोदोचे दाणे, वर गरम पाणी, बांबूच्या नळीनं ओढायचं. कोदो म्हणजे आपली नाचणी.

श्रीखोलापर्यंत चालून झालं की परतीला रिंबिकहून दार्जिलिंगच्या जीपा सकाळी लवकर सुटतात आणि लवकर भरतात. आदल्या संध्याकाळीच गाइडला सांगून जागा राखून ठेवा.