मुकुट आहे का, ते आधी बघा

जुनी दुनाळी बंदूक हातात आली की मी नक्षीकामाकडे बघतच नाही. आधी ती रिकामी आहे याची खात्री करतो, मग नळ्या उतरवून उलट्या धरतो. खरी माहिती तिथे असते, खालच्या चपट्या भागावर.

परवाच्या बंदुकीवर तेलाचा काळा थर साचला होता. मऊ कापडाने तो पुसला, टॉर्च आडवी धरली आणि लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरं उमटली, खाली चांदणी. म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या, बंदुका तपासून शिक्के मारणाऱ्या चाचणीगृहाचा शिक्का! लंबगोलावर मुकुट होता, म्हणजे बंदूक 1893 नंतरची. मुकुट नसता तर त्याआधीची. शेजारी छोटा खांब होता. तो 'पेरों', लिएज शहराचं मानचिन्ह.

चाचणीचं वर्ष सांगणारं अक्षर मात्र सापडलं नाही. ती पद्धत 1922 पासूनची, त्यामुळे बंदूक बहुधा त्याआधीची.

कारागिराचं नाव शोधताना मात्र फार जपून. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर इंग्रजी वाटणारं नाव कोरलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. लिएजमधून असा माल भरपूर बाहेर जायचा, आणि नाव बऱ्याचदा विक्रेत्याचं असायचं. मी शिक्क्यावरच विश्वास ठेवतो. मुकुटाखाली 'एएफ' दिसलं तर लिएजचे नामांकित बंदूक-कारागीर ऑगस्ट फ्रँकोट यांची आशा धरावी.

एक कळकळीची विनंती: धूरविरहित दारूच्या चाचणीचा 'पीव्ही' शिक्का नसेल, तर आधुनिक काडतूस त्यात घालू नका. आणि शिक्क्यांवर पॉलिश पेपर कधीच घासू नका.