आमची वाटचाल: पन्नासांच्या बसपासून बाराजणांच्या तुकडीपर्यंत

२०१३ साली आम्ही दोघा मित्रांनी ट्रेक न्यायला सुरुवात केली, तेव्हा भांडवल म्हणजे उसना दोर आणि ओळखीच्या बसवाल्याची उधारी. शनिवारी रात्री पुण्यातून पन्नासजणांना हरिश्चंद्रगडावर न्यायचं, कोकणकड्यावर फोटो काढायचे, रविवारी परत. पैसे बरे सुटायचे.

तिसऱ्या पावसाळ्यात देवळाकडून कड्याकडे निघालो आणि धुकं उतरलं. एरवी अर्ध्या तासाची वाट. पठारावर ढोरवाटांचं जाळं. त्यातलीच एक मळलेली वाट धरली आणि दोन तास भरकटलो. मागे ४७ माणसं, निम्म्यांच्या पायांत गुळगुळीत तळाचे बूट. शेवटी आमच्या हाका ऐकून पायथ्याच्या पाचनई गावचे एक मामा शोधत आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात वारा कोकणातनं वर येतो. त्याच्याकडं तोंड केलं असतं तरी कडा कुठंय ते कळलं असतं."

मी इतकी वर्षं ट्रेक करत होतो. वाऱ्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

बस बंद केली. आता तुकडी १२ जणांची, सोबत दोन शिक्षक आणि गावातला वाटाड्या, मजुरी आधी ठरवून. पहिल्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं, जोडीदार नोकरीकडे वळला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. २०२० मध्ये तर सगळंच थांबलं. तेव्हा घरी बसून मुलांना दोराची आठाची गाठ शिकवली.

आता गड दाखवण्यापेक्षा वाट वाचायला शिकवतो. नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना चिकटल्या की समोर कडा असणार. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, टाच रोवून उतरायचं. हरवलात तर मिनिटात ६ शिट्या, मिनिटभर थांबून पुन्हा. आग्या मोहोळाच्या वाटेवर अत्तर नाही, धूर नाही. "शेकोटी नाही का?" असं दर तुकडीत कुणीतरी विचारतंच. नाही!

शेवटच्या दिवशी पायथ्याच्या खिरेश्वर गावाहून तोलार खिंडीपर्यंत आम्ही गप्प मागे चालतो. वाट तुकडीने काढायची. खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी मामा स्टोव्ह घेऊन बसलेले असतात. गेल्या हिवाळ्यात एक तुकडी दीड तास उशिरा पोचली. मामांनी काही विचारलं नाही, चहा तेवढा तिसऱ्यांदा गरम केला.