आज अल्बर्ट किंग घरी आला

दुपारी पार्सल आलं. अमेरिकन ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगचा अल्बम 'बॉर्न अंडर अ बॅड साइन', नव्याने काढलेली एलपी रेकॉर्ड. कव्हरवर तीच काळी मांजर, तोच १३ तारखेचा शुक्रवार. दहा मिनिटं नुसता हातात धरून बसलो.

मग सुई टेकवली. तो जड बेस, वर ती गिटार... सर्रकन काटा आला अंगावर. १९६७ चा अल्बम, मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओतला. स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर, जमीनसुद्धा उतरती! साथीला स्टॅक्सचा घरचा बँड, बुकर टी. अँड द एमजीज. त्यातल्या अल जॅक्सनचे ड्रम्स ऐका, एक ठोका जास्तीचा नाही.

अल्बर्ट डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, तारांचा क्रम तसाच ठेवून. त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला, आणि त्या तो खाली ओढायचा. म्हणून सूर असा कण्हत कण्हत चढतो. दुसऱ्या बाजूच्या 'पर्सनल मॅनेजर'मधली एक खेच मी सुई मागे नेऊन चारदा ऐकली. मींडच ती, पण घामाने भिजलेली.

शेवटचं गाणं संपलं तेव्हा खोलीत अंधार झाला होता. आई दाराशी उभी होती, कधीपासून कोण जाणे. म्हणाली, "परत लाव रे."